लिंबाला मिळणारे अनाठायी श्रेय

परवाच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळाशाळांतून जे प्रयोग मांडले गेले, त्यांत चार लिंबांवर पेटणारा चिमुकला तांबडा दिवा यंदाही होताच. आणि ज्या बाळापूर तालुक्यातील वाडेगावचे कागदी लिंबू बाजारात नावाजलेले आहे, त्या मुलखात या दिव्याखाली ‘लिंबापासून वीज’ अशी पाटी वाचून कोणाच्या अभिमानास भरते आले, तर नवल नाही. तथापि ती पाटी वस्तुस्थितीस धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिंबू तळहाताखाली दाबून घोळवावे, म्हणजे आतले पडदे फुटून रस मोकळा होतो. मग जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची जाड तार एकमेकांस शिवणार नाहीत अशा बेताने त्यात खुपसून मीटर लावला, की एक व्होल्टच्या आतबाहेर आकडा दिसतो. जस्त आम्लात विरघळू लागते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने तांब्याकडे जातात आणि तेथे आम्लातील हायड्रोजन त्यांचा स्वीकार करून बुडबुड्यांच्या रूपाने तांब्यास चिकटून बसतो. हा थर वाढला की दिवा मंदावतो. तांबे जसेच्या तसे राहते, जस्त मात्र खर्ची पडते. या व्यवहारात लिंबाची योग्यता बाजारातल्या अडत्याची: त्याच्यावाचून सौदा जुळत नाही, पण माल त्याचा नव्हे.

हा वाद जुनाच आहे. बेडकाच्या तंगडीस दोन भिन्न धातू लावताच ती झटका देते हे पाहून, वीज प्राण्याच्या देहातच वसते, असा सिद्धान्त गॅल्व्हानीने 1791 साली मांडला. व्होल्टाने त्यास हरकत घेतली, बेडूक अजिबात वगळला आणि 1800 साली जस्त व चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून जगातील पहिली बॅटरी रचली. त्या बॅटरीत ना बेडूक होता, ना लिंबू! धातूंच्या केवळ स्पर्शातच सारे सामर्थ्य आहे, ही व्होल्टाची समजूतही पुढे टिकली नाही, रसायनक्रियेचे महत्त्व सिद्ध झाले, ही गोष्ट निराळी. परंतु आपली पाटी अद्याप गॅल्व्हानीपाशीच अडली आहे.

चिंचेचा कोळ, आंबट ताक, व्हिनेगर यांवरही हा प्रयोग साधतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू न देणाऱ्या गृहिणीस आम्ल आणि धातू यांचे वैर ठाऊक असतेच. संडास धुण्याचे किंवा गाडीच्या बॅटरीतले अ‍ॅसिड मात्र मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

आता जमाखर्च पाहू. एका लिंबापासून सतत मिळणारी शक्ती मिलिवॅटचा काही अंश. ती उदारपणे 0.3 धरली, तरी 9 वॅटच्या एका दिव्यास 30,000 लिंबे लागतील. भारनियमनावर हा तोडगा नव्हे.

तेव्हा गुरुजनांस विनंती अशी, की पुढच्या प्रदर्शनात लिंबाशेजारी मिठाच्या पाण्याचा एक पेला ठेवावा आणि त्यातही हाच खिळा व हीच तार बुडवून मीटर लावावा. मग लिंबात दोन्हीकडे तांब्याचीच तार खुपसून आकडा जवळजवळ शून्यावर येतो, हेही मुलांस दाखवावे. आणि प्रयोग आटोपल्यावर ती लिंबे सरबतास वापरू नयेत. त्यांत जस्त उतरलेले असते.