भोसरीचा बोल्ट आणि युरोपचा कार्बन कर

भोसरी एमआयडीसीतला नट-बोल्ट युरोपात विकायचा तर आता त्याच्यामागचा धूरही मोजला जातो. १ जानेवारी २०२६ पासून युरोपियन युनियनचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, प्रत्यक्ष लागू झाला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगार वस्त्यांतल्या तरुणांनी हे प्रकरण समजून घेतले पाहिजे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपियन युनियनने जाहीर केले की, स्वच्छ पोलाद व ॲल्युमिनियमसाठी दोन वर्षांत करार करू. जास्त प्रदूषण करून बनवलेला माल दोघांनी मिळून रोखायचा, असा विचार होता. मुदत संपली, करार झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी अमेरिकेने पोलादावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. युरोपने सीबॅम एकट्यानेच पुढे नेला. दोघांचे सहकार्य मोडले, पण भिंती दोन्हीकडे उभ्या राहिल्या.

सीबॅम चालतो कसा? माल मागवणाऱ्या युरोपियन कंपनीला त्यामागच्या उत्सर्जनाएवढी प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात. बोजा सुरुवातीला थोडा आहे, २०३४ पर्यंत तो पूर्ण होईल. बोल्टच्या हिशेबात मोठा वाटा वर्कशॉपचा नसतो. कोळशावर पोलाद बनवणाऱ्या कारखान्याचा असतो. त्या कारखान्याची आकडेवारी मिळाली नाही, तर युरोप स्वतः ठरवलेला, सहसा चढा आकडा लावतो. मग खरेदीदार भाव पाडून मागतो. छोटा मालक नफा वाचवायला आधी कोणाला ब्रेक देतो, हे कंत्राटी कामगाराला सांगावे लागत नाही.

१९९२ च्या रिओ परिषदेत सर्व देशांनी मान्य केले होते की, जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. शंभर वर्षे धूर सोडून श्रीमंत झालेल्यांनी जास्त भार उचलायचा. सीबॅमचा पैसा मात्र युरोपच्याच तिजोरीत जातो.

म्हणून हवामान बदल खोटा, असे म्हणून चालणार नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टीसमोर उभा राहणाराही आपलाच माणूस आहे. प्रश्न आहे तो बदलाचा खर्च कोणी द्यायचा हा. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर आणले. आज कारखान्यांत कार्बनचा हिशेब होतो, तेव्हा त्या टेबलावर कंत्राटी कामगाराची खुर्ची कुठे आहे? युनियनच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा.