ध्वनिविचार – लेखांक ९ : वऱ्हाडातला ‘ण’ आणि ‘न’

बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यान असलेल्या धामणगाव रेल्वे स्थानकाच्या नावात जो ‘ण’ लिहिला जातो, तो परिसरातल्या बोलण्यात सहसा ऐकू येत नाही. वऱ्हाडी बोलीत हे गाव ‘धामनगाव’ होते आणि त्याच नियमाने पाणी, लोणी, कोण, तण हे शब्द पानी, लोनी, कोन, तन असे उच्चारले जातात. मागील लेखांकात पाहिलेला ‘म’ जगातल्या बहुतेक सर्व भाषांत आढळतो. ‘ण’ मात्र त्या मानाने विरळ आहे.

मुखातला मार्ग अडवून श्वास नाकावाटे सोडला की अनुनासिक व्यंजन तयार होते. ‘न’साठी जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते, तर ‘ण’साठी ते वर वळून टाळूच्या कठीण भागाकडे जाते, अशा ध्वनीला मूर्धन्य म्हणतात. हा ध्वनी मुख्यतः भारतीय उपखंडातील आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भाषांत एकवटलेला आहे. प्रमाण मराठीत तो अर्थभेदक आहे, म्हणजे केवळ त्याच्यामुळे शब्दाचा अर्थ बदलतो, जसे ‘मन’ आणि ‘मण’.

या दोन ध्वनींची मराठीतली वाटणी प्राकृतातून आली आहे. संस्कृत ‘पानीय’मधला ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला आणि त्यातून ‘पाणी’ आले. उलट ‘पर्ण’ आणि ‘कर्ण’ यांची प्राकृत रूपे ‘पण्ण’ व ‘कण्ण’ अशी झाली आणि त्यांतल्या जोड ‘ण्ण’चा मराठीत ‘न’ होऊन ‘पान’ व ‘कान’ हे शब्द घडले. म्हणजे प्रमाण मराठीने संस्कृतातला ‘ण’ जसाच्या तसा जपला असे नाही; तिनेही ध्वनी बदललेच, मात्र ते ठरावीक नियमाने बदलले. वऱ्हाडीने त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकून उरलेला ‘ण’ही ‘न’मध्ये मिळवला. मूर्धन्य ‘ळ’च्या जागीही ती अनेकदा ‘य’ योजते, जसे ‘डोळा’चे ‘डोया’.

अनुनासिकाबरोबर श्वासाचा झोत सोडून उच्चारला जाणारा ‘म्ह’ हा तर जगात ‘ण’पेक्षाही दुर्मीळ आहे, आणि तो वऱ्हाडीने ‘म्हैस’, ‘म्हनते’ अशा शब्दांच्या आरंभी टिकवला आहे, जरी ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांची रूपे तिथे ‘आमी’, ‘तुमी’ अशी होतात. ‘पानी’ म्हणणाऱ्याची जीभ जड आहे, हा समज म्हणूनच निराधार ठरतो. शाळेत अशा मुलाला ‘ण’ जरूर शिकवावा, परंतु तो प्रमाणभाषेतील एक अधिकचा ध्वनी म्हणून शिकवावा. घरच्या उच्चाराला अशुद्ध ठरवून नव्हे, कारण त्या उच्चारामागेही ‘पान’ आणि ‘कान’ घडवणाऱ्या नियमाइतकाच काटेकोर नियम आहे.

पुढील लेखांकात ‘ळ’चा विचार केला जाईल.