न झालेली कुस्ती

अली विरुद्ध टायसन, मारुती माने विरुद्ध विजय चौधरी... वेगवेगळ्या काळातले मल्ल एकमेकांसमोर उभे केले तर? ठाण्याच्या तलावपाळीवर सुरू झालेला हा टाइमपास डोंबिवलीतल्या आमच्या हॉलपर्यंत पोहोचला, आणि मग तो टाइमपास राहिला नाही!

शुक्रवारची संध्याकाळ, तलावपाळी, हातात भेळ आणि सोबत ऑफिसमधून सुटलेली चार टाळकी. मी फ्रीलान्सर, त्यामुळे ‘ऑफिसमधून सुटणं’ माझ्या नशिबी नाही. मित्रांचं ऑफिस सुटलं, की मी सुटते. आमच्या या मैफलीचे विषय ठरलेले. बॉस, घोडबंदरचं ट्रॅफिक आणि सचिन की विराट. यातला तिसरा आता चघळून पार चोथा झालाय. म्हणूनच की काय, आमच्यातल्या जिमवेड्यानं त्या दिवशी नवा बॉम्ब टाकला.

‘ऐन भरातला अली आणि ऐन भरातला टायसन. एका रिंगमध्ये. कोण जिंकेल?’

झालं! भेळ बाजूला, मोबाइल बाहेर. अली सहा फूट तीन इंच, टायसन पाच फूट दहा. अली २२ व्या वर्षी चॅम्पियन, टायसन २० व्या. एक म्हणाला, टायसन पहिल्या दोन राऊण्डमध्ये काम तमाम करेल. दुसरा म्हणाला, अली त्याला आठ राऊण्ड नाचवेल आणि मग झोपवेल. आवाज इतके चढले, की शेजारच्या बाकावरचं कपल उठून गेलं.

तेवढ्यात आमचा कल्याणचा मित्र, जो सहसा फक्त बिल भरायच्या वेळी तोंड उघडतो, तो म्हणाला, ‘अली-टायसन काय घेऊन बसलात? मारुती माने विरुद्ध विजय चौधरी. बोला!’

सगळे गप्प. कारण सिम्पल आहे. बोलायला माहीत तर असायला हवं ना! सगळ्यात जास्त लाज मला वाटली. माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातले. तिकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पैलवानांची नावं पाठ होतात. आणि माझं कुस्तीचं ज्ञान ‘सुलतान’ आणि ‘दंगल’वर संपतं.

कॉम्प्युटरचा निकाल

घरी येताना लोकलमध्ये नेटवर शोधाशोध केली. हा खेळ आमच्या आधी पन्नासेक वर्षं लोक खेळतायत, आणि तोही कॉम्प्युटरवर!

१९६७ मध्ये अमेरिकेत मरी वॉरोनर नावाच्या रेडिओ प्रोड्यूसरनं जुन्या-नव्या हेवीवेट चॅम्पियन्सची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली आणि त्यांची काल्पनिक टूर्नामेण्ट लावली. त्यात महंमद अली चक्क जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा चॅम्पियन. अली एवढा भडकला, की त्यानं दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला! शेवटी तडजोड झाली आणि एक सिनेमा ठरला. अली विरुद्ध रॉकी मार्सियानो. मार्सियानो ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झालेला. पंचेचाळिशीतला हा गडी २० किलोहून जास्त वजन उतरवून, डोक्यावर विग लावून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. दोघांनी खोट्या-खोट्या राऊण्ड शूट केल्या. वेगवेगळे शेवट चित्रित झाले. कोणता खरा, हे त्या दोघांनाही सांगितलं नव्हतं.

सिनेमा लागला जानेवारी १९७० मध्ये. अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानोनं अलीला १३ व्या राऊण्डमध्ये पाडलं. युरोपात दाखवलेल्या कॉपीत मात्र अली जिंकला. म्हणजे निकाल कॉम्प्युटर देत होता की तिकीटबारी, हा प्रश्नच आहे. आणि मार्सियानोला यातलं काहीच कळलं नाही. शूटिंगनंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९६९ मध्ये, तो विमान अपघातात गेला होता.

‘मातीवर का गादीवर?’

घरी पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. बाबा हॉलमध्ये, टीव्हीसमोर. एमआयडीसीतल्या नोकरीतून रिटायर होऊन त्यांना दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचा संवाद म्हणजे एसएमएस. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘उद्या लवकर?’ ‘नाही.’ बास!

त्या दिवशी मी चप्पल काढता काढता विचारलं, ‘बाबा, मारुती माने आणि विजय चौधरी यांची कुस्ती लागली असती तर?’

बाबांनी टीव्ही म्यूट केला. आमच्या घरात हे वर्ल्ड कप फायनललाही होत नाही.

‘कशावर?’

‘म्हणजे?’

‘अगं, मातीवर का गादीवर?’

त्या रात्री कुस्तीचा माझा पहिला क्लास झाला. बाबा सांगत होते आणि मी वही काढून बसले होते. मातीतल्या कुस्तीत गुण-बिण नसतात. समोरच्याची पाठ जमिनीला लावायची, चितपट करायचं, खेळ खलास. जुन्या काळात वेळेचं बंधनही नसायचं. एकेक कुस्ती तासाच्या वर चालायची. अशा कुस्तीला दम लागतो, धीर लागतो, जड अंग लागतं. गादीवर म्हणजे मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकललं तरी गुण. दहा गुणांची आघाडी घेतली, की कुस्ती तिथंच संपली. इथं वेग लागतो, हिशेब लागतो. मातीत पाय रुततो, मॅटवर सटकन निघतो. माणूस तोच, पण खेळ बदलतो.

हे नुसतं बोलणं नाही, याला पुरावा आहे. गामा पैलवान १९१० मध्ये लंडनला गेला. समोर पोलंडचा झिबिस्को. तो गादीला असा चिकटून राहिला, की अडीच तासांहून जास्त वेळ झटापट होऊनही निकाल लागला नाही. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये तेच दोघं पतियाळात भेटले. दोघंही पन्नाशीकडे झुकलेले. गामानं त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं! जागा बदलली, नियम बदलले, आणि अडीच तासांचं उत्तर एका मिनिटात मिळालं. आता सांगा, कॉम्प्युटरमध्ये नुसती उंची आणि वजन भरून काय होणार?

आमच्या हॉलमधल्या तीन लढती

मग काय, बाबा पंच आणि मी प्रमोटर. शनिवार-रविवार मिळून आम्ही तीन कुस्त्या लावल्या.

पहिली अर्थातच मारुती माने विरुद्ध विजय चौधरी. माने कवठेपिरानचे. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य, १९६४ मध्ये हिंद केसरी. चौधरी चाळीसगाव तालुक्यातला, २०१४, १५ आणि १६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. बाबांचा निकाल : मातीवर माने, गादीवर चौधरी. ‘आणि दोन्हीवर एकेक झाली तर?’ ‘मग तिसरी लावावी लागंल,’ बाबा म्हणाले आणि हसले. बाबा हसले!

दुसरी, गामा विरुद्ध गणपतराव आंदळकर. आंदळकर बाबांच्याच शिराळा तालुक्यातले, पुनवतचे. १९६० मध्ये हिंद केसरी झाले आणि त्याच वर्षी तिकडे लाहोरात गामा गेला. जाकार्तात त्यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य आणलं. ही कुस्ती बाबांनी आंदळकरांना देऊन टाकली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘आपल्या गावाकडचा माणूस आहे.’ पंच विकला गेला, दुसरं काय!

तिसरी मी लावली. हेवीवेट नाही, पण जोडी एकदम फिट. खाशाबा जाधव विरुद्ध अमन सेहरावत. खाशाबांना १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ, अमनला २०२४ मध्ये पॅरिसला ५७ किलोतच ब्राँझ. वजन तेच, मेडल तेच, मध्ये ७२ वर्षं. पॅरिसला ब्राँझच्या कुस्तीआधी अमननं एका रात्रीत साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं. कोच आणि फिजिओ रात्रभर त्याच्यासोबत जागे होते. खाशाबा हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर. राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. तिथं एका दमवणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. विश्रांतीचा हक्क मागायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात.

या कुस्तीचा निकाल बाबांनी दिलाच नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘खाशाबाला ती रात्रभर जागणारी माणसं दे. मग इचार.’

मला वाटतं, या सगळ्या खेळाचं मर्म इथं आहे. आपण विचारतो, भारी कोण. पण खरा प्रश्न असतो, कुणाला काय मिळालं आणि कुणाला काय मिळालं नाही.

कोर्टात गेलेली कुस्ती

सगळ्याच काल्पनिक कुस्त्या अशा गोड नसतात. एक तर अगदी आपल्या डोळ्यांसमोरची आहे. मुंबईच्या जोगेश्वरीत राहिलेला नरसिंग यादव, २०११ ते १३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ जिंकून त्यानं ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली. त्याच गटात दोन ऑलिम्पिक मेडलवाला सुशीलकुमार होता. सुशील म्हणाला, आमची ट्रायल घ्या, जिंकेल तो जाईल. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. जून २०१६ मध्ये कोर्टानं ट्रायलची मागणी फेटाळली. पुढे नरसिंग डोप टेस्टमध्ये सापडला. आपल्याविरुद्ध कट झाला, असं तो सांगत राहिला. पण रिओतल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. रिओत ७४ किलोत भारताकडून कुणीच उतरलं नाही.

गामा आणि आंदळकर भेटले नाहीत, कारण काळ आडवा आला. हे दोघं एकाच देशात, एकाच वजनात, एकाच वर्षी होते. तरी ती कुस्ती आजही फक्त वादातच लढली जाते.

याच्या उलट बाबांची सगळ्यात लाडकी गोष्ट. १९७७, बेळगाव. दिल्लीचा सतपाल, जो पुढे सुशीलचा गुरू झाला, विरुद्ध आपला लातूरकडचा हरिश्चंद्र बिराजदार. बिराजदार जिंकले. बाबा तेव्हा शाळकरी होते. आजोबा ट्रकनं बेळगावला गेले होते, बाबांना नेलं नव्हतं. पण आजोबांनी सांगितलेली ती कुस्ती बाबा अशी सांगतात, जणू पुढच्या रांगेत बसले होते. तिथं ‘तर’ नाही, ‘असतं’ नाही. झाली म्हणजे झाली.

माझी कुस्ती

रविवारी रात्री मी बाबांना तो प्रश्न विचारला, जो लहानपणापासून पोटात होता. गावच्या यात्रेला दादाला खांद्यावर बसवून मैदानाला न्यायचात. मला का नाही? हलगीचा आवाज मी आजीजवळ, पुरण वाटता वाटता ऐकायची.

‘तवा बायका येत नव्हत्या मैदानाला,’ बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, टीव्हीकडे बघत, ‘दादाला तर तूच लोळवायचीस लहानपणी. अंगणात. पट चांगला काढायचीस.’

मला हे आठवतही नव्हतं. बाबांना आठवत होतं. म्हणजे एक न झालेली कुस्ती आमच्या घरातच होती, आणि तिचा हिशेब ते इतकी वर्षं मनात ठेवून होते.

मी काही पैलवान झाले असते, असा दावा नाही. पण मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. फायनलला होत्या सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील. प्रतीक्षा जिंकली. मोबाइलवर मी बाबांना त्या फायनलच्या बातम्या दाखवल्या, तर त्यांनी लगेच सांगलीची बाजू घेतली. मी कल्याणची. पंधरा मिनिटं कडाक्याचं भांडण! ‘आपलं गाव’ म्हणजे कुठलं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या आगरी गावांत जत्रेला आजही कुस्त्यांचे फड लागतात. लोकलनं आणि पुढे रिक्षानं जाता येतं, तिकीट लागत नाही. गेल्या सीझनला आम्ही दोघं गेलो. बाबांनी मातीच्या कडेला रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली. हलगी वाजत होती, एक पोरगेला पैलवान शड्डू ठोकत आखाड्याला फेरी मारत होता, आणि बाबा कानात सांगत होते, ‘आता बघ, हा ढाक मारणार.’ त्यानं नाही मारली. बाबा त्याच्यावरच वैतागले.

मग पुकारा झाला आणि दोन मुली आत उतरल्या. चौदा-पंधराच्या असतील. बाबा माझ्याकडे झुकले.

‘बोल, कोण?’

‘मातीवर आहे ना?’ मी म्हटलं. ‘मग जरा बघू द्या.’