नदीचे पाणी येते कोठून?

नकाशा पाठ करण्याआधी जमिनीचा उतार ओळखा. पाणी उताराकडेच वाहते. ज्या प्रदेशाचे पाणी एका नदीला मिळते, ते तिचे पाणलोट क्षेत्र. आपली वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. पुढे वर्धा मिळाल्यावर ती प्राणहिता होते आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते. म्हणून करडीत ऊन असले, तरी वरच्या भागातील पावसाने आपल्या नदीला पूर येऊ शकतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस असेच वरचे पाणी भंडारा शहरातील वस्त्यांत शिरले. तेव्हा पावसाळ्यात केवळ आपले आभाळ पाहू नका. वरच्या धरणांतून पाणी सोडल्याची बातमी घरी मोठ्याने वाचून दाखवा. हा भूगोल परीक्षेपुरता नाही.