घर्षण व झीज मापन, एंजिनातील

घर्षण व झीज मापन, एंजिनातील : एंजिनाच्या व त्याच्या इंधन यंत्रणेच्या एकमेकांवर घासणाऱ्या भागांमधील घर्षण आणि त्यामुळे पृष्ठभागावरून निघून जाणारे द्रव्य यांचे मापन. घर्षणाने शक्ती वाया जाते, तर झिजेने भागांचे आयुष्य घटते. घर्षण कमी असले म्हणजे झीजही कमी असतेच असे नाही. म्हणून दोन्ही राशी स्वतंत्रपणे मोजतात.

एंजिनाची झीज : सिलिंडराचा अंतर्व्यास निरनिराळ्या उंचींवर व परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांत मोजतात. दट्ट्याची वरची कडी जेथे वळते तेथे झीज सामान्यतः सर्वाधिक असते. कारण तेथे गती क्षणभर शून्य होते व तेलाचा थर टिकत नाही. एंजिन न उघडता वंगण तेलाच्या नमुन्याचे वर्णपटीय विश्लेषणही करतात. त्यातील वाढते लोखंड सिलिंडर व कड्यांची, ॲल्युमिनियम दट्ट्याची, तर तांबे व शिसे धारव्यांची झीज सुचवितात. यांबरोबर सिलिकॉन वाढल्यास हवागाळणीतून धूळ शिरत असल्याचा संशय घेतात. वैरागसारख्या (ता. बार्शी, जि. सोलापूर) कोरड्या भागात शेतावर राबणाऱ्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत ही खूण महत्त्वाची होय.

इंधन यंत्रणा : अनेक डीझेल अंतःक्षेपण पंपांतील काही भागांना इंधनाखेरीज दुसरे वंगण नसते. इंधनातील गंधक काढण्याच्या प्रक्रियेत धातूला चिकटून राहणारी ध्रुवीय संयुगेही नष्ट होतात व इंधनाची वंगणक्षमता घटते. स्वीडनमध्ये 1990 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत असे इंधन वापरात येताच पंप अकाली निकामी होऊ लागले. भारतात डीझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा 1 एप्रिल 2020 पासून दशलक्ष भागांत 10 भाग आहे. त्यामुळे येथेही वंगणक्षमतेची कसोटी आवश्यक ठरते.

या कसोटीत 6 मिमी. व्यासाची पोलादी गोळी 200 ग्रॅ. भाराखाली, 60° से. तापमानाच्या इंधनात बुडालेल्या चकतीवर सेकंदाला 50 वेळा पुढेमागे घासतात. गोळीचा फेरा 1 मिमी. असतो. 75 मिनिटांनंतर गोळीवरील झिजेच्या व्रणाचा सरासरी व्यास सूक्ष्मदर्शकाने मोजतात. भारतीय मानकानुसार तो 460 मायक्रॉनांहून (0.46 मिमी.) अधिक नसावा. व्रण मोठा आढळल्यास इंधनात मेदाम्ले, त्यांची एस्टरे किंवा अल्प प्रमाणात जैव डीझेल मिसळतात. इंधन स्वच्छ करताना पंपाचे आयुष्य राखणे या मापनामुळेच शक्य होते.