बँकेच्या हजेरीपटापासून लिलावाच्या बोलीपर्यंत

अजित वाडेकरचा संघ 1971 साली वेस्ट इंडीजला गेला, त्यात एकट्या हैदराबादचे पाच जण होते: जयसिंहा, आबिद अली, यष्टिरक्षक कृष्णमूर्ती, केनिया जयंतीलाल आणि गोविंदराज. मराठी वाचकाला तो दौरा म्हटला की गावसकरच्या 774 धावा आठवतात. पण बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर किंग्स्टनची पहिली कसोटी खेळू शकला नव्हता. त्या कसोटीत जयंतीलालला संधी मिळाली. तो 5 धावांवर बाद झाला, आणि पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. गोविंदराजच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओव्हलवर विजयाचा चौकार मारला तो मात्र आबिद अलीने.

एका शहरातून एवढी माणसं एकदम वर कशी आली? शाळा, क्लब आणि बँक, या तीन पायऱ्यांनी. ऑल सेंट्स या एकाच शाळेने आबिद अली, अझरुद्दीन आणि व्यंकटपती राजू दिले. मुंबईची पोरं कांगा लीगमध्ये पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर शिकली. हैदराबाद-सिकंदराबादची पोरं मॅटिंगवर. मॅटिंगवर चेंडू वळतो आणि उसळतोही. गुलाम अहमद, शिवलाल यादव, अर्शद अय्यूब अशी ऑफस्पिनर्सची रांग या शहरात लागली, त्याला तेही एक कारण असावं. याच रांगेतल्या कंवलजीत सिंगला भारताची टोपी कधीच मिळाली नाही, हे मला आजही पटत नाही.

त्या काळी 'व्यावसायिक' म्हणजे काय, तर बँकेतली नोकरी. स्टेट बँक ऑफ इंडिया, स्टेट बँक ऑफ हैदराबाद, आंध्र बँक यांचे संघ लीगमध्ये उतरत. क्लबकडून खेळताना कुणाच्या तरी नजरेत भरायचं, बँकेच्या हजेरीपटावर नाव लागायचं आणि मग घरच्यांची कुरकुर थांबायची. अझरही स्टेट बँकेचाच. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकणारा माणूस महिन्याच्या पगारासाठी बँकेवर अवलंबून असावा, हे आजच्या पोरांना खरं वाटणार नाही.

एक जण मात्र उलट वाटेने गेला. एम. व्ही. नरसिंह राव, म्हणजे हैदराबादचा बॉबजी, चार कसोटी खेळला. 1986-87 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली हैदराबादने दिल्लीला दिल्लीतच गाठून पहिल्या डावाच्या आघाडीवर रणजी करंडक जिंकला. पुढे तो क्लब क्रिकेट खेळायला आणि शिकवायला उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रबेनला गेला आणि तिथलाच झाला.

मोहम्मद सिराजची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी तिच्यातला क्लबचा भाग सांगताना वगळला जातो. बाप मोहम्मद घौस रिक्षा चालवायचे, पोरगा टेनिस बॉलने खेळायचा. मामाच्या क्लबकडून एका सामन्यात त्याने नऊ बळी घेतले, मामाने पाचशे रुपये हातावर ठेवले. पुढे चारमिनार क्रिकेट क्लब. नोव्हेंबर 2015 मध्ये रणजी पदार्पण, पुढच्याच हंगामात 41 बळी, आणि फेब्रुवारी 2017 च्या आयपीएल लिलावात 20 लाखांच्या मूळ किमतीवरून थेट 2 कोटी 60 लाख. टेनिस बॉलपासून इथपर्यंत मोजकीच वर्षं लागली. मधली बँक गळाली. यात पोराचा फायदा आहेच, पण ज्या शेकडो जणांवर बोली लागत नाही त्यांना पूर्वी निदान कारकुनी तरी मिळत असे. सिराजला सरकारी हुद्दा मिळाला, पण केव्हा? विश्वचषक जिंकल्यावर, 2024 मध्ये, तेलंगण पोलिसात डीएसपीचा.

मुलींच्या बाबतीत जुनी पद्धत जास्त टिकली. सिकंदराबादला शिकलेली मिताली राज 1999 मध्ये पहिल्याच एकदिवसीय सामन्यात नाबाद 114 धावा करून गेली. देशांतर्गत क्रिकेट मात्र ती रेल्वेकडून खेळली, कारण नोकरी रेल्वेने दिली. तिलक वर्माच्या वेळेपर्यंत क्लबची जागाही अकादमीने घेतली होती. त्याचे वडील इलेक्ट्रिशियन. प्रशिक्षक सलाम बायश त्याला दुचाकीवर मागे बसवून लिंगमपल्लीच्या अकादमीत नेत. 2025 च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध नाबाद 69 धावा करणारा तिलक तो हाच.

मग क्लब उरले कशासाठी? मतासाठी. हैदराबाद क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत क्लबला मत असतं, त्यामुळे क्लब चालवण्यापेक्षा ताब्यात ठेवणं फायद्याचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. नागेश्वर राव समितीने 2023 मध्ये 57 क्लबांना निवडणुकीतून बाद केलं; एकेका माणसाच्या नाहीतर घराण्याच्या हाती अनेक क्लब होते. मैदानावरची अवस्था त्याआधीच दिसली होती: 2010 मध्ये राजस्थानपुढे हैदराबादचा संघ 21 धावांत गारद, रणजीतला नीचांक.

रणजी करंडक हैदराबादने दोनदाच जिंकला, 1937-38 आणि 1986-87 मध्ये. तिसरा हवा असेल, तर मताचा हक्क अशाच क्लबला असावा, जो दर हंगामात स्वतःचे अकरा खेळाडू मैदानात उतरवतो.