तीन बाजूंचा पाऊस आणि हँडलबारची बॅग

सावंतवाडीकडून आंबोलीचा घाट चढणाऱ्या सायकलस्वाराला जुलैत पाऊस तीन बाजूंनी गाठतो. एक वरून कोसळणारा, दुसरा वाऱ्याबरोबर समोरून येणारा आणि तिसरा खालून, म्हणजे पुढच्या चाकाने रस्त्यावरून उडवलेला. या तिसऱ्यात चिखलही असतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा अंगावर घेत उघड्यावर पुढे असते ती हँडलबारला बांधलेली बॅग. सीटमागच्या बॅगेला निदान आपल्या पाठीचा आडोसा मिळतो.

बाइकपॅकिंग म्हणजे कॅरिअर न लावता, सामान पट्ट्यांनी थेट सायकलला बांधून केलेली भटकंती. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, म्हणजे चार हजारांहून जास्त किलोमीटर जाणारी ‘टूर डिव्हाइड’ शर्यत २००८ साली सुरू झाली. अशा शर्यतींमुळे ही पद्धत जगभरच्या हौशी मंडळींपर्यंत पोचली. आपल्याकडे ती सह्याद्रीचे घाट आणि कोकणचा सागरी रस्ता यांवर छान रुळली आहे.

पाण्यापासून सामान वाचवण्याचा प्रश्न मात्र त्याहून जुना. हार्टमुट ओर्टलिब हा जर्मन तरुण इंग्लंडमध्ये सायकलवरून फिरताना पावसाने हैराण झाला. ट्रकांवरची ताडपत्री कोरडा माल वाहून नेते, मग सायकलची बॅग तिचीच का नसावी, असं त्याला वाटलं. त्याने स्वतः बॅगा शिवल्या आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. ताडपत्रीचा तो विचार आजही बरोबर आहे. फक्त कापड बदललं: पीव्हीसीच्या जोडीला टीपीयूचा थर दिलेलं हलकं नायलॉन आलं.

दुकानात विक्रेता आधी कापड दाखवतो, डेनिअरचा आकडा सांगतो. त्याला मान डोलवावी, पण फार भुलू नये. डेनिअर म्हणजे धाग्याची जाडी; त्यावरून कापड घासायला किती टिकेल याचा अंदाज येतो, पाणी अडेल की नाही याचा नव्हे. थर दिलेलं बहुतेक कोणतंही कापड पाणी अडवतंच. पाणी शिरतं ते शिवणीच्या भोकांतून, चेनमधून आणि तोंडातून. म्हणून बॅग उलटी करून आतून पाहावी. शिवणच नसेल आणि कडा उष्णतेने एकजीव केलेल्या असतील तर उत्तम. शिवण असेल तर तिच्यावर आतून सलग टेप हवी, आणि तिची टोकं नखाने सुटता कामा नयेत. स्वस्त थर आणि टेप आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन सोलवटतात. बॅग माळ्यावर घडी घालून कोंबली तर आणखीच लवकर.

तोंडासाठी रोल-टॉपला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. कड किमान तीन वेळा गुंडाळायची आणि बकल लावायचं. बॅग काठोकाठ भरली की तिसरी घडी बसत नाही, म्हणजे लिटरचा छापील आकडा पावसात थोडा कमीच धरावा. ‘वॉटरप्रूफ’ म्हणवणाऱ्या चेन महाग असतात, कोकणच्या वाळूत अडकतात. साध्या चेनवर नुसती झाकणाची पट्टी लावलेली बॅग पुण्यातल्या भुरभुर पावसापुरती ठीक.

आयपीएक्स हे मानांकनही समजून घ्यायला हवं. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यापासून आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. यात एक गंमत आहे: ७ मिळालेली वस्तू ६ मध्ये उत्तीर्ण असतेच असं नाही, कारण स्थिर पाण्यात बुडवणं आणि पाण्याचा मारा करणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. घाटात आपल्याला माराच सोसायचा असतो, त्यामुळे मी ६ बघेन.

आता मोजायची टेप घेऊन सायकलपाशी बसा. ड्रॉप हँडलबार असेल तर दोन ब्रेक-लिव्हरांमधलं मोकळं अंतर मोजा. गिअर बदलताना लिव्हर आत वळतात, तेवढी जागा सोडा. सरळ हँडलबारवर रुंदीची चिंता कमी. त्यानंतर हँडलबार ते टायर ही उंची मोजा. पुढे शॉकर असेल तर तो पूर्ण दबल्यावरही बॅग टायरला लागायला नको, आणि लहान फ्रेमच्या सायकलवर नेमकी इथेच अडचण येते. ब्रेकच्या केबल दुमडल्या जात नाहीत ना, पुढचा दिवा झाकला जात नाही ना, हेही पाहा. बॅग जिथे हेडट्यूबवर घासते तिथे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावून टाका.

आत झोपण्याची पिशवी, कपडे, तंबूचं कापड असं हलकं सामान भरा. वजन तीन किलोच्या वर गेलं की उतारावर हँडल जड आणि आळशी होतं. भांडी, हत्यारं, पाणी फ्रेमच्या त्रिकोणात ठेवावं. ओले कपडे मात्र या बॅगेत कधीच नकोत. पाणी बाहेरून शिरू न देणारी बॅग आतलं पाणीही बाहेर सोडत नाही.

माझी पसंती हार्नेस, म्हणजे हँडलबारला बांधलेला पट्ट्यांचा पाळणा, आणि त्यात बसणारी सुटी ड्राय बॅग या जोडीला. हार्नेस सायकलवरच राहतो, ड्राय बॅग काढून लॉजच्या खोलीत नेता येते, आणि फाटली तर तेवढीच बदलायची. दिघी किंवा दाभोळच्या जेटीवर सायकल बोटीत चढवताना खाऱ्या हवेने धातूचे हूक गंजतात, तेव्हा बकल प्लॅस्टिकचेच बघा. बजेट अगदीच कमी असेल तर चांगली ड्राय बॅग आणि दोन मजबूत रबरी पट्टे एवढ्यावरही काम भागतं.

दिवाळीनंतर बॅग घेतलीत तर पहिला पाऊस जूनमध्ये भेटेल आणि तोवर परतीची मुदत संपलेली असेल. म्हणून घरी आणल्याच दिवशी आत वर्तमानपत्र भरा, बॅग सायकलला बांधा आणि बागेच्या पाइपने समोरून व खालून पंधरा मिनिटं पाणी मारा. कागद ओला निघाला तर दुसऱ्या दिवशी दुकान गाठा.